सामासिक पदांचे लेखन आणि संयोगचिन्हाचा विवेक

सूत्राचा अर्थ लावताना प्रकरण सोडू नये, ही पंथातील शास्त्राभ्यासाची जुनी शिस्त आहे. कोणते वचन कोणास व कोणत्या प्रसंगी निरोपिले, हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ ठरत नाही. म्हणून तर सूत्रपाठाशेजारी प्रकरणवश अभ्यासावा लागतो. या शिस्तीत वाढलेले अभ्यासक विभक्तीला जपतात, ह्रस्वदीर्घाला जपतात, पाठभेदाची नोंद ठेवतात. परंतु दोन पदांच्या मध्ये येणारी जी लहानशी आडवी रेघ, जिला व्याकरणात संयोगचिन्ह म्हणतात, तिच्याकडे मात्र बहुधा कोणाचे लक्ष जात नाही. ती कोठे द्यावी व कोठे देऊ नये, हे लिहिणाऱ्याच्या हाताला त्या क्षणी सुचेल तसे घडते. एकट्याने लिहिलेल्या ग्रंथात ही अव्यवस्था फारशी जाणवत नाही. चौघांनी मिळून एखाद्या स्थळाचे विवरण लिहावयास घेतले, म्हणजे ती उघडी पडते.

असे समजा की, विचार प्रकरणावरील विवरणाचे काम चौघा अभ्यासकांत वाटून दिले आहे. एकाने 'जीवदेवता' असे लिहिले, दुसऱ्याने 'जीव-देवता', तिसऱ्याने 'जीव देवता' अशी दोन सुटी पदे ठेवली, आणि चौथ्याने 'जीव व देवता' असे स्पष्ट लिहिले. चारही भाग एकत्र छापले गेले. आता नुकताच उपदेश घेतलेली एखादी व्यक्ती ते पुस्तक हाती घेते. कुलदेवता, ग्रामदेवता, इष्टदेवता हे शब्द तिच्या कानांना सवयीचे आहेत. कुलाची देवता ती कुलदेवता, ग्रामाची देवता ती ग्रामदेवता. तेव्हा जीवाची देवता ती जीवदेवता, असा विग्रह तिच्या मनात आपोआप होतो. यात तिचा दोष कोणता? भाषेने तिला तेच शिकविले आहे. परंतु या एका विग्रहाने सिद्धांताचा पायाच हलतो. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न व अनादी आहेत, हे सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या निरूपणाचे मूळ. त्यांपैकी देवता ही जीवाच्या मालकीची वा जीवापासून निपजलेली वस्तू नव्हे. 'जीवदेवता' हा द्वंद्व समास असून त्याचा विग्रह 'जीव आणि देवता' असाच आहे. मधले संयोगचिन्ह दोन्ही पदे आपापल्या ठिकाणी उभी ठेवते. ते गळले की द्वंद्वाचा तत्पुरुष होतो आणि दोन पदार्थांचे स्वातंत्र्य वाचकाच्या मनातून नाहीसे होते.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग सोपे आहे. सर्वच सामासिक पदांत संयोगचिन्ह द्यावे, म्हणजे संशय उरणार नाही. हा उपाय किती घातक आहे, हे त्याच प्रकरणातील दुसऱ्या एका पदावरून दिसते. जीव हा बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, परमेश्वर नित्यमुक्त, ही परिभाषा प्रत्येक साधकास पाठ असते. येथे 'बद्धमुक्त' हा समास कोणता? तो द्वंद्व नव्हे. अनादी अविद्येने बद्ध असलेला आणि परमेश्वराच्या कृपेने मुक्त होऊ शकणारा असा जो एकच जीव, त्याचे हे विशेषण आहे. संस्कृत व्याकरणात 'स्नातानुलिप्त' हे उदाहरण प्रसिद्ध आहे: आधी स्नान केलेला आणि मग गंध लावलेला असा एकच पुरुष. पूर्वीची अवस्था पहिल्या पदात, नंतरची दुसऱ्या पदात, आणि दोन्हींचा आश्रय एक, असा हा कर्मधारय होय. 'बद्धमुक्त' त्याच जातीचे पद आहे. आता तेथे रेघ घालून 'बद्ध-मुक्त' लिहिले, तर वाचक काय समजेल? काही जीव बद्ध आणि काही मुक्त, असे दोन वर्ग. किंवा त्याहून वाईट म्हणजे, एकच जीव एकाच वेळी बद्धही आणि मुक्तही. पहिल्या समजुतीने सर्व जीवांची समान योग्यता जाते, दुसरीने साधनेचे प्रयोजनच जाते. कारण जो मुक्तच आहे त्याने अनुसरण कशासाठी करावे?

म्हणजे एका पदात रेघ गाळल्याने अनर्थ होतो, तर दुसऱ्यात ती घातल्याने होतो. दोन्ही पदे एकाच पानावर येतात. 'सर्वत्र द्या' किंवा 'कोठेही देऊ नका' असा सरसकट नियम येथे चालत नाही. संयोगचिन्ह देणे म्हणजे समासाचा विग्रह करणे होय, आणि विग्रह करणे हे भाष्य आहे. मुद्रणाची सजावट समजून ते मुद्रकावर सोपविणे योग्य नव्हे.

जुन्या पोथ्यांत हा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण तेथे पदेच सुटी लिहीत नसत. एका ओळीत अक्षरामागून अक्षर अखंड चालत असे. वाक्य संपले की दंड, आणि ओळ भरली की पद जेथे असेल तेथे तुटून पुढच्या ओळीत जाई. चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासावी, राहिलेले अक्षर काकपद देऊन समासात लिहावे, एवढीच काय ती लेखकाची खुणांची सामग्री. (पानाच्या कोऱ्या कडेलाही मराठीत 'समास' म्हणतात आणि पदांच्या जोडणीलाही, या लेखात यापुढे दुसराच अर्थ घ्यावा.) सकळ लिपीत लिहिलेल्या पोथ्यांत तर अक्षरेही बदललेली. अशी पोथी वाचणारा वासनिक पदे कोठे तोडावीत हे गुरुमुखातून शिकलेला असे. पदच्छेद कागदावर नव्हता, परंपरेत होता. पंथातील विद्वानांनी त्यासाठी व्याकरणाचा आधारही फार लवकर घेतला. भीष्माचार्यांचे पंचवार्तिक हे मराठीतील पहिले व्याकरण मानले जाते, ही गोष्ट येथे विसरू नये. सूत्रांचा अर्थ निश्चित व्हावा, ही त्यामागची निकड होती.

मुद्रणाबरोबर स्थिती पालटली. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या प्रयत्नाने विरामचिन्हे मराठी गद्यात रुजली आणि त्यांबरोबर संयोगचिन्हही आले. विसाव्या शतकात पंथीय वाङ्मय बाळबोध लिपीत छापले जाऊ लागले. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांच्यासारख्या संपादकांना अखंड ओळीतून पदे सुटी करावी लागली. त्या प्रत्येक मोकळ्या जागेत संपादकाचा एकेक निर्णय दडलेला आहे, हे आजचा वाचक सहसा ध्यानात घेत नाही. छापील पानावरील पदच्छेद त्याला मूळचाच वाटतो.

पदच्छेदाची लेखी खूण करण्याची रीत मात्र मुद्रणाहून फार प्राचीन आहे. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावे प्रसिद्ध आहे. त्यात सामासिक पदाचे अवयव अवग्रहाने वेगळे दाखवितात. वेदमार्ग हा पंथाचा मार्ग नव्हे. तथापि शब्दशास्त्र कोणा एका मार्गाचे धन नाही, आणि केशिराजबासांसारखे संस्कृतज्ञ आचार्य ते जाणूनच पंथात आले होते. त्या पदपाठातील एक मर्यादा अत्यंत शिकण्यासारखी आहे. समास कितीही लांब असला तरी एका पदात अवग्रह एकदाच येतो. जो जोड सर्वांत शेवटी झाला, म्हणजे ज्या ठिकाणी पदाचे प्रथम दोन भाग पडतात, तेवढाच तो दाखवितो. आतले जोड अभ्यासकाने स्वतः ओळखावयाचे. आजच्या लेखनास हे तत्त्व जसेच्या तसे लागू पडते. 'पंचकृष्णनामस्मरण' हे पद लांब वाटले तर 'पंचकृष्ण-नामस्मरण' असे लिहावे. 'पंच-कृष्ण-नाम-स्मरण' असे चार तुकडे केले तर श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, श्रीचक्रपाणी, श्रीगोविंदप्रभू व श्रीचक्रधर या पाच अवतारांचा निर्देश करणारे जे एक सिद्ध पद, तेच फुटते. द्विगु समासात संयोगचिन्हास जागा नाही.

त्याच वैदिक परंपरेतील इंद्रशत्रूची कथा संयोगचिन्हाची दुसरी मर्यादा दाखविते. त्वष्ट्याला इंद्राचा वध करणारा पुत्र हवा होता. त्याने 'इंद्रशत्रु' हे पद उच्चारले. पण स्वर चुकला. तत्पुरुषाचा स्वर अंती हवा होता, तो बहुव्रीहीप्रमाणे आरंभी पडला, आणि 'इंद्राचा शत्रू' याऐवजी 'इंद्र ज्याचा शत्रू, म्हणजे वधकर्ता, आहे तो' असा अर्थ होऊन वृत्र इंद्राच्या हातून मेला. आता हेच पद मराठीत 'इंद्र-शत्रु' असे रेघ देऊन लिहिले, तर संशय मिटला काय? मुळीच नाही. रेघ दोन्ही अर्थांत तशीच राहते. संयोगचिन्ह द्वंद्व दाखवू शकते, लांब पदाचा मुख्य जोड दाखवू शकते. तत्पुरुष की बहुव्रीही, हे दाखविण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नाही. तेथे विग्रहवाक्यच लिहिले पाहिजे. पुष्कळ लेखक जे काम दोन सरळ शब्दांनी होईल ते रेघेकडून करवून घेऊ पाहतात आणि वाचकाला अधिकच घोटाळ्यात टाकतात.

आता द्वंद्वाविषयी थोडे अधिक. कारण खरी अडचण तेथेच आहे. मराठीत सर्व द्वंद्वांत संयोगचिन्ह देत नाहीत. 'मीठभाकर', 'चहापाणी', 'भाजीपाला' ही पदे सलग लिहितात, कारण तेथे मीठ आणि भाकर वेगवेगळी मोजावयाची नसतात. साधे जेवण असा एकच अर्थ घ्यावयाचा असतो. हा समाहार द्वंद्व. 'पापपुण्य', 'खरेखोटे' ही वैकल्पिक द्वंद्वाची रूपेही सलगच रूढ आहेत. जेथे प्रत्येक पद आपला स्वतंत्र अर्थ राखून असते आणि ते स्वातंत्र्य वाचकाच्या ध्यानी आणणे अवश्य असते, तेथेच, म्हणजे इतरेतर द्वंद्वात, रेघ सार्थ होते. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील उदाहरण उलगडते. सूत्रपाठात आचार आणि विचार ही दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्यांच्या जोडीस आचारमाळिका व विचारमाळिका आहेत. जेव्हा या दोन प्रकरणांचा एकत्र उल्लेख करावयाचा असेल तेव्हा 'आचार-विचार' असे लिहावे. परंतु 'त्या कुटुंबाचे आचारविचार चांगले होते' या वाक्यात दोन प्रकरणे अभिप्रेत नाहीत. वागण्याची एकूण रीत अभिप्रेत आहे. तेथे पद सलग लिहावे. अक्षरे तीच, पण लेखन दोन प्रकारचे, आणि दोन्ही बरोबर.

एकवाक्यतेचा आग्रह धरणारे काही अभ्यासक येथे बिचकतात. एकच शब्द एकाच ग्रंथात दोन प्रकारे कसा लिहावा? उत्तर असे की, एकरूपता अर्थाशी बांधावयाची असते, अक्षरांशी नव्हे. एका अर्थाचे पद सर्वत्र एकाच रीतीने लिहिले गेले पाहिजे. दोन अर्थांची पदे केवळ अक्षरे सारखी म्हणून एका साच्यात घालणे ही एकरूपता नसून आळस आहे. 'ज्ञानभक्ती' हे पदही असेच तपासून घ्यावे. ज्ञान आणि भक्ती अशा दोन साधनांविषयी लिहीत असाल तर 'ज्ञान-भक्ती', आणि ज्ञानयुक्त भक्ती हा अर्थ असेल तर तो मध्यमपदलोपी समास असल्याने 'ज्ञानभक्ती' असे सलग. मात्र पंथीय विवेचनात जेथे ज्ञानी व भक्त यांच्या अधिकाराचा भेद चालला असेल, तेथे दुसरे रूप न वापरता 'ज्ञानयुक्त भक्ती' असेच स्पष्ट लिहिलेले बरे.

पूर्वपदाच्या ह्रस्वदीर्घाचा प्रश्न संयोगचिन्हाशी असा काही गुंतला आहे की, तो टाळून पुढे जाता येत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे नियम 1962 मध्ये शासनाने मान्य केले व 1972 मध्ये त्यांत भर घातली. त्यांनुसार 'भक्ती', 'मूर्ती', 'स्मृती' हे तत्सम शब्द सुटे असताना दीर्घान्त लिहितात. समासात पूर्वपदी आले की मूळचे ह्रस्व रूप राहते: भक्तिमार्ग, मूर्तिप्रकाश, स्मृतिस्थळ. मूळ शब्दच दीर्घ असेल तर तो दीर्घच राहतो. साती ग्रंथांची नावेच पाहावीत. 'रुक्मिणीस्वयंवर' यात णी दीर्घ, कारण मूळ शब्द रुक्मिणी. 'सह्याद्रिवर्णन' आणि 'ऋद्धिपुरवर्णन' यांत द्रि, द्धि व पु ह्रस्व. 'ज्ञानी' शब्दाचे मूळ 'ज्ञानिन्', म्हणून 'ज्ञानिजन'. येथवर मतभेद नाही. परंतु मध्ये रेघ आली की लेखकास वाटते, पद सुटे झाले. आणि तो 'स्मृती-स्थळ' किंवा 'मूर्ती-प्रकाश' असे लिहितो. ही दुहेरी चूक होय. एक तर ग्रंथनामात संयोगचिन्ह कधीही देऊ नये. आणि दुसरे, संयोगचिन्हाने समास मोडत नाही. नावाप्रमाणे ते संयोगच दाखविते. म्हणून 'ज्ञान-भक्ति-वैराग्य' यात मधला शब्द ह्रस्वच राहील, आणि 'ज्ञान-भक्ती' यात तो अंती आल्याने दीर्घ होईल.

विभक्तीचेही तसेच. प्रत्यय समासाच्या अंती एकदाच लागतो: 'जीव-देवतांचे स्वरूप'. 'जीवांचे-देवतांचे' असे लिहिले तर तो समास राहिला नाही. तेथे 'व' घालावा. शब्दयोगी अव्यय जोडताना रेघ नको, आणि जेथे संधी झाला आहे तेथे तर ती अशक्यच. 'परमेश्वरावतार' याचा जोड 'रा' या अक्षराच्या पोटात आहे. संयोगचिन्हाच्या दोन्ही बाजूंस मोकळी जागा सोडू नये. जागा सोडली की ते अपसारणचिन्ह वाटते आणि पुढचे पद मागच्याचे स्पष्टीकरण म्हणून वाचले जाते. 'जीव - देवता' याचा अर्थ मग 'जीव, म्हणजे देवता' असाही होऊ शकेल.

याहून मोठा धोका ओळीच्या शेवटी आहे. ओळीत जागा संपली की पद तोडून तेथे संयोगचिन्ह देण्याचा प्रघात आहे. पूर्वी हे काम खिळे जुळविणारा करी. आता संगणक करतो, आणि त्याला शास्त्र ठाऊक नसते. नञ् समासातील 'अ' किंवा 'अन्' जर ओळीच्या अंती लोंबकळत राहिला, तर पुढची ओळ नेमका विरुद्ध अर्थ घेऊन सुरू होते. 'असन्निधान' हे पद घ्या. अवतार समक्ष असतानाचा काळ तो सन्निधान, आणि त्यानंतरचा तो असन्निधान. साधकाचा आजचा सर्व आचारधर्म असन्निधानाचा म्हणून सांगितला आहे. 'अ-' वरच्या ओळीत आणि 'सन्निधान' खालच्या ओळीत गेले, तर सभेत वाचणारा खाली दृष्टी टाकून 'सन्निधानी असे वर्तावे' असे वाचून जाईल, आणि ऐकणाऱ्यांच्या हाती तर पुस्तकही नसते. 'अहिंसा' तुटली तर खालच्या ओळीच्या आरंभी काय उरते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. प्रपंच कारणरूपाने नित्य व कार्यरूपाने अनित्य, या वाक्यात शेवटचे पद तुटले तर सारे वाक्यच पुसले जाते. म्हणून मुद्रिते तपासणाऱ्याने केवळ अक्षरे न पाहता प्रत्येक ओळीचा शेवट उजव्या कडेने वरपासून खालपर्यंत एकदा स्वतंत्रपणे पाहावा. नकारवाचक पूर्वपद कोठेही एकटे पडू देऊ नये. ओळ थोडी विरळ दिसली तरी चालेल.

आतापर्यंतचे सर्व विवेचन विवरणापुरते, म्हणजे आजच्या लेखकाच्या स्वतःच्या गद्यापुरते आहे. मूळ सूत्रात, दृष्टांतात अथवा लीळेत संयोगचिन्ह घालण्याचा अधिकार कोणासही नाही. महामंडळाच्या नियमांतही केशवसुतपूर्व पद्य व चिपळूणकरपूर्व गद्य मूळाप्रमाणे छापावे असेच आहे; पंथीयांस तर त्यासाठी बाहेरच्या नियमाची गरज पडू नये. सूत्रात रेघ घातली की संपादकाचा विग्रह श्रीमुखीचा म्हणून वाचला जाऊ लागतो, आणि एखादे प्रकरण दुसऱ्याही विग्रहास अवकाश देत असेल तर तो कायमचा बंद होतो. सूत्र जसे पोथीत आहे तसे, फार तर पदे सुटी करून, द्यावे. विग्रह खाली विवरणात द्यावा आणि रेघ त्या विग्रहापासून सुरू व्हावी.

सहकार्याने लिहिण्याची रीत पंथास नवी नाही. म्हाइंभटांनी लीळा एकट्याच्या स्मरणाने लिहिल्या नाहीत. ज्यांनी ज्यांनी स्वामींचे सन्निधान अनुभवले होते त्यांच्याकडे जाऊन त्यांनी त्या मिळविल्या, आणि आचार्य श्रीनागदेव यांच्याकडून त्या शोधून घेतल्या. सांगणारे अनेक आणि तपासणारा एक, अशी ही व्यवस्था होती. पुढे मूळ प्रत नष्ट झाल्यावर स्मरणातून पाठ पुन्हा सिद्ध करताना ज्यांच्या आठवणीत भेद पडला त्यांचे पाठ नावानिशी जपले गेले. वासनाभेद लपविला नाही. या दोन गोष्टी एकत्र घेतल्या की संयोगचिन्हाच्या प्रश्नाची उकल होते. विवरण लिहिणारे कितीही असोत, पदांचे रूप ठरविणारा एकच असावा. आणि त्याच्या निर्णयाशी ज्याचे जुळले नाही त्याचे मतही टिपून ठेवावे.

त्यासाठी मोठा खटाटोप लागत नाही. कामाच्या आरंभीच एक वही घालावी. तीत सामासिक पद, त्याचा विग्रह, समासाचे नाव, ठरलेले लेखन आणि ते पद ज्या प्रकरणात आले त्याचा निर्देश, एवढे लिहावे. विग्रहाचा रकाना आधी भरावा आणि लेखनाचा नंतर. हा क्रम उलटला की वही निरुपयोगी होते, कारण मग डोळ्यांना जे बरे दिसते तेच ठरते आणि विग्रह मागाहून त्याच्या समर्थनासाठी शोधला जातो. विग्रहाविषयी एकमत होत नसेल तर त्या पदाचा समासच करू नये. 'जीव आणि देवता' असे लिहिल्याने कोणाचे काही बिघडत नाही. काम निम्म्यावर आल्यावर नवा अभ्यासक येऊन मिळाला, तर त्याने प्रथम ती वही उतरून घ्यावी. पोथी उतरून घेण्याइतकेच ते पुण्यकारक आहे असे म्हणवत नाही, परंतु उपयोगाच्या दृष्टीने फारसे कमीही नाही.

यावर एक आक्षेप असा घेतला जातो की, सामान्य उपदेशी स्त्रीपुरुषांना समास, विग्रह यांतले काही कळत नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक मोठ्या पदात रेघा देऊन ते सुलभ करावे. या आक्षेपामागचा हेतू आदरणीय आहे. आचार्यांनी केशिराजबासांना संस्कृत सोडून मराठीत लिहावयास सांगितले ते याच कळकळीने. साध्यासुध्या माणसांना, विशेषतः बायाबापड्यांना, शास्त्र पारखे होऊ नये म्हणून. परंतु रेघांनी सुलभता येते काय, याचा अनुभव पारायणाच्या वेळी घ्यावा. वाचणारा प्रत्येक रेघेशी किंचित थबकतो. 'नाम-लीळा-मूर्ति-चेष्टा-स्मरण' असे वाचताना पाच वस्तूंची यादी ऐकू येते. येथे वस्तू चारच असून स्मरण हे त्या चारींचे आहे, ही गोष्ट रेघांच्या माळेत हरवते. 'नाम, लीळा, मूर्ती व चेष्टा यांचे स्मरण' असे लिहिले तर अक्षर न शिकलेल्या म्हातारीलाही ते ऐकताक्षणी समजते. आचार्यांच्या आज्ञेचा अर्थ समासांना रेघांनी ठिगळे लावावीत असा नसून, समास सोडवून मराठी बोलावे असा आहे. लेखक विद्वत्तेच्या मोहाने लांब पद बांधतो आणि मग दयेने त्यात रेघा घालतो. त्यापेक्षा ते पद न बांधणे बरे. द्वंद्वात चार पदे एकत्र आली आणि ती वारंवार यावयाची असली, जसे 'जीव-देवता-प्रपंच-परमेश्वर', तर मात्र संयोगचिन्हास पर्याय नाही. तेथे प्रत्येक जोडाशी ते द्यावे, कारण त्यात मुख्य आणि आतला असा भेद नाही, चारही समान आहेत.

राहिली गोष्ट शब्दसूचीची. ग्रंथाच्या शेवटी सूची जोडावयाची असेल तर वहीचा खरा लाभ तेव्हा दिसतो. पदे दोन-तीन प्रकारे लिहिली असली की सूचीत ती दोन-तीन ठिकाणी विखुरतात, आणि संगणकावर शोध घेणाऱ्यालाही निम्मीच स्थळे सापडतात. उरलेली स्थळे ग्रंथात आहेत याची त्याला कल्पनाही येत नाही. सूचीत अनुक्रम लावताना संयोगचिन्ह जमेस धरू नये. ते नाही असे समजून अक्षरानुसार पद जेथे येईल तेथे ठेवावे. ज्या पदांची दोन रूपे अर्थभेदामुळे ठेवली आहेत, जसे 'आचार-विचार' आणि 'आचारविचार', त्यांची नोंद एकाखाली एक स्वतंत्र करून प्रत्येकीपुढे अर्थ थोडक्यात लिहावा. आणि द्वंद्वातील प्रत्येक घटकाखाली त्या द्वंद्वाचा निर्देश असावा, म्हणजे 'देवता' हा शब्द पाहू गेलेल्या साधकास 'जीव-देवता' हे स्थळही त्याच पानावर सापडेल.